पूर्णवेळ, अर्धवेळ आणि एक दात

वजन-मापे खात्यातल्या निरीक्षकांनी आयुष्यात एकच गोष्ट मनापासून मानली होती. दोन वस्तूंतली कोणती जास्त, हे वाद घालून नव्हे तर मोजून ठरते. त्यामुळे चार वर्षांच्या भिंगरीला पूर्ण दिवसाच्या बालवर्गात घालायचे की अर्ध्या दिवसाच्या, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा तो त्यांना फारसा अवघड वाटला नाही. "एका रविवारचं काम आहे," असे ते म्हणाले. हे वाक्य उच्चारून ज्या गृहस्थाने घरातला नळ, पंखा किंवा शिडी हातात घेतली आहे, त्याचे पुढे काय होते हे वाचकांना ठाऊक आहेच.

घाई होती ती त्यांच्या पत्नीला. लग्नाआधीपासून त्या कृत्रिम दात बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत. समोरचे दात ही त्यांची खासियत. माणसाचा चेहरा, वय आणि थोडासा स्वभाव पाहून त्या दाताची छटा ठरवत. त्यांनी केलेला दात शेजारच्या खऱ्या दातांत असा मिसळून जाई की महिन्याभराने खुद्द मालकालाही तो शोधावा लागे. भिंगरी झाल्यापासून मात्र घरी बसून करण्याजोगे काम तेवढे त्यांच्याकडे येई, आणि घरी बसून करण्याजोग्या असतात त्या दाढा. "दाढ कोणीही घडवतं हो," त्या म्हणत. "दाढेला कोण बघतं?" प्रयोगशाळेच्या मालकाने त्यांची जागा आजवर एका बदली कारागिरावर चालवली होती. आता त्याने स्पष्ट कळवले होते, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून दिवसभर येत असाल तर खुर्ची तुमची. नाहीतर ती त्या बदली माणसालाच कायमची द्यावी लागेल.

अर्ध्या दिवसाच्या बालवर्गाला घरात एकच समर्थक होता, पण तो वजनदार होता. निरीक्षकांचे वडील आप्पा. "दुपारी मी आहे ना," एवढे चार शब्द बोलून ते पेपर उघडत, आणि सभा तहकूब होई.

आप्पांची सारी नोकरी पतपेढीच्या तारण विभागात गेली होती. निवृत्तीनंतर पतपेढी सुटली, तारण सुटले नाही. कोणाच्याही नुसत्या शब्दावर त्यांचा विश्वास नसे. छत्री नेणाऱ्या शेजाऱ्याला ते हसत हसत, पण न चुकता, चष्म्याचे घर ठेवून जायला सांगत. भिंगरी त्यांच्याच हाताखाली वाढली, तेव्हा तिनेही हा कायदा उचलला. आई दुकानात निघाली की ही दारात हात पुढे करून उभी. "परत येणार? मग तारण ठेव." मग आईची पिन, बाबांचे पेन, असे काहीतरी तिच्या झग्याच्या खिशात जाई आणि माणूस परतल्यावर बिनबोभाट परत मिळे. या व्यवहारात तिने एकदाही कोणाला फसवले नव्हते. निरीक्षकांना आपल्या मुलीच्या ज्या गुणांचा अभिमान होता, त्यांत हा पहिला.

रविवारी निरीक्षकांनी दोन रकाने आखले. सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"पूर्ण दिवस? एवढ्याशा पोरीला?" काकूंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, म्हणजे विषय लांबणार होता. "माझ्या भाचीनं घातलं तिच्या मुलाला. आता तो तिला आई म्हणत नाही, 'मॅडम' म्हणतो."

"अहो काकू, तो वकील झालाय ना आता?"

"झाला की. पण घरी आला की हात वर केल्याशिवाय बोलत नाही."

तळमजल्यावरच्या विमा एजंटाने नेमके उलटे सांगितले. "साहेब, अर्धा दिवस म्हणजे मूल शाळेत सोडून तुम्ही घरी येऊन चप्पल काढता, आणि पुन्हा घालता. मी सांगतो, पूर्ण दिवसच. आणि त्याबरोबर तिच्या नावानं एक छोटीशी पॉलिसी..." निरीक्षकांनी दोन्ही मते दोन रकान्यांत लिहिली. संध्याकाळपर्यंत रकाने सारखेच भरले होते आणि काटा मध्यावर स्थिर होता. प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नव्हता.

अर्धवेळ बालवर्गाच्या बाई कृश, मृदुभाषी आणि ठाम होत्या. "मूल दुपारपर्यंतच शिकतं," त्या म्हणाल्या. "पुढे ते नुसतं आपल्याला सहन करतं." खोली स्वच्छ होती, खिडक्या मुलांच्या उंचीवर होत्या. निरीक्षकांनी पट्टी काढून एक खिडकी मोजून पाहिली तेव्हा बाईंच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली.

पूर्णवेळ बालवर्गाच्या बाई धिप्पाड आणि मोठ्या आवाजाच्या होत्या. त्यांच्याकडे सगळेच भरपूर होते: ठोकळे, रंग, गोंगाट. दुपारचे जेवण तिथेच, जेवणानंतर चटयांवर झोप. स्वयंपाकघरात मोठाल्या पातेल्यांत सूप उकळत होते. निरीक्षक मनातल्या मनात सारे पूर्णवेळच्या रकान्यात टाकत चालले होते, आणि खरे सांगायचे तर निकाल जवळजवळ लागलाच होता. इतक्यात कोपऱ्यातला वजनकाटा त्यांच्या दृष्टीस पडला.

"याच्यावर काय मोजता?"

"सगळंच," बाई कौतुकाने म्हणाल्या. "सकाळी बटाटे, नंतर मुलं. आमच्याकडे मुलाचं वजन याच काट्यावर घेतल्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही. जेवणाचं माप त्यावरच ठरतं ना."

निरीक्षक खाली वाकले. काट्याच्या बगलेवरचा पडताळणीचा शिक्का मुदत संपून जुना झाला होता.

आता इथे कोणीही शहाणा माणूस चार पर्यायांचा विचार करतो. डोळेझाक करता येते. बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगता येते. पण निरीक्षकांचा हात त्यांच्या डोक्याच्या परवानगीची वाट पाहणारा नव्हता. नोकरीत तो फार वर्षे एकटाच काम करत आला होता. बॅगेतून तार निघाली, शिशाची गोळी निघाली, पकड निघाली, आणि बाई "अहो, हे काय?" म्हणेपर्यंत काटा सील झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हातात पकड होती.

"वापर बंद," निरीक्षक म्हणाले, आणि नंतर आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले. "म्हणजे, तात्पुरता. कार्यालयात पाठवा. पडताळणी होऊन लगेच मिळेल."

"आणि तुमच्या मुलीचं वजन?" बाईंनी विचारले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला होता.

रात्रीच्या जेवणाला पत्नीने सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "मुलीसाठी शाळा बघायला गेलात, आणि शाळा बंद करून आलात."

"शाळा नाही. काटा."

"माझी खुर्ची त्या काट्यावरच आहे, अहो!"

"लगेच मिळेल म्हटलं ना," निरीक्षक म्हणाले. भिंगरीने हात पुढे केला. "तारण?"

काटा दुसऱ्याच दिवशी कार्यालयात आला आणि निरीक्षकांच्याच टेबलावर बसला. तो तपासायला अर्धा तास पुरला असता. परंतु ज्या संस्थेत स्वतःच्या पाल्याचा प्रवेश विचाराधीन आहे, तिच्या मापाची पडताळणी अधिकाऱ्याने करू नये, असा नियम होता. या नियमाची आठवण करून देणारा कार्यालयात दुसरा कोणी नव्हता. ती निरीक्षकांनीच स्वतःला करून दिली. दुसऱ्या निरीक्षकाची जागा कित्येक वर्षे रिकामी होती. उरले साहेब, आणि साहेब वैद्यकीय रजेवर होते. केव्हा येणार, हे शिपायालाही ठाऊक नव्हते, आणि शिपायाला जे ठाऊक नाही ते त्या कार्यालयात अस्तित्वातच नसे.

निरीक्षकांनी बाईंना नवा काटा घेऊन द्यायची तयारी दाखवली. "घ्या," बाई म्हणाल्या. "पण त्यावर शिक्का कोण मारणार?"

"आमचं कार्यालय."

"मग कशाला उगाच दोन काटे अडकवता?"

नाक मुठीत धरून ते अर्धवेळ बालवर्गात गेले. निदान हाती असलेले तरी जाऊ नये! कृश बाईंनी त्यांना दारातच नमस्कार केला आणि दार तेवढेच उघडे ठेवले. बालवर्गाचे जग लहान असते. वार्ता पोचली होती.

"जागा भरल्या," त्या म्हणाल्या.

"गेल्या आठवड्यात तर रिकाम्या होत्या."

"आमच्याकडे काटा नाहीये, साहेब. पण घड्याळ आहे, पट्ट्या आहेत, दुधाचं मापही आहे. तुम्ही रोज मुलीला सोडायला येणार. नको. माझी तब्येत मुळातच नाजूक आहे."

असा पूर्ण दिवसही गेला आणि अर्धाही गेला. ज्या प्रश्नाला दोन उत्तरे होती त्याला आता एकही उरले नव्हते. महिनाअखेर जवळ येत होती. पत्नी खिडकीशी बसून दाढा घासत, आणि तो घासण्याचा बारीक आवाज निरीक्षकांना थेट स्वतःच्या हिरड्यांत ऐकू येई. "दुपारी मी आहे ना," आप्पा म्हणाले. "पण सकाळी कोण आहे, आप्पा?" असे विचारल्यावर त्यांनी पेपर उघडला.

शेवटी निरीक्षक आपल्या साहेबांच्या घरी जाऊन थडकले. साहेबांनी दार उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर रुमाल होता.

"काय काम आहे?" रुमाल म्हणाला.

"सर, एक काटा होता. आपली तब्येत...?"

"तब्येतीला काय धाड भरलीय?" साहेबांनी त्यांना आत ओढून दार लावले, आणि आजूबाजूला पाहून रुमाल क्षणभर खाली केला. समोरचा वरचा एक दात नव्हता. ज्या चेहऱ्याला बाजारातले व्यापारी वर्षानुवर्षे टरकून होते, त्याच्या मधोमध एक खिडकी उघडी होती आणि त्यातून एक खोडकर पोरगा बाहेर डोकावत होता. निरीक्षकांनी तत्काळ छताकडे पाहिले.

"सफरचंद," साहेब म्हणाले. "एक साधं सफरचंद. असा मी कार्यालयात येऊ? दंड ठोठावीन तर लोक गालात हसतील. आणि ती दात करणारी माणसं! पहिला दात आणला तो पिवळा. दुसरा घोड्याचा. तिसरा इतका पांढरा की बायको म्हणाली, तोंडात दिवा लागलाय. डॉक्टर म्हणतात, त्यांच्याकडची समोरच्या दातांची चांगली कारागीर घरी बसलीय. आता तो कुणी बदली माणूस..."

"कुठली प्रयोगशाळा, सर?" निरीक्षकांनी विचारले. साहेबांनी नाव सांगितले.

घरी येईपर्यंत निरीक्षकांनी सारी साखळी तीनदा तपासून पाहिली आणि तिन्ही वेळा ती पुरी वर्तुळाकार निघाली. काटा अडला होता साहेबांपाशी. साहेब अडले होते दातापाशी. दात अडला होता पत्नीपाशी, पत्नी भिंगरीच्या बालवर्गापाशी, आणि बालवर्ग त्या काट्यापाशी. त्यांनी हे पत्नीला सांगितले. पत्नीने हातातली दाढ खाली ठेवली आणि त्या इतक्या हसल्या की आतून आप्पाही उठून आले. त्या महिन्यात त्या घरात कोणी हसल्याची ही पहिलीच वेळ होती.

"उद्या एक दिवस जाते मी," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मालकाला काय, हवंच आहे. तुम्ही रजा काढा."

"पण हे बरोबर होईल का? वरिष्ठांचा दात आपण करून द्यायचा, आणि मग त्यांनी आपल्या कामाचा काटा... याला लाच म्हणता येईल."

"ते डॉक्टरांना पुरते पैसे देणार आहेत ना? आणि लाच हातात देतात हो. तोंडात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे मनगटी घड्याळ तारण ठेवून घेऊन भिंगरीने तिला सोडले. घरात उरले निरीक्षक, आप्पा आणि ती. पूर्ण दिवसाची प्रत्यक्ष पाहणी आता आपोआपच होणार होती, म्हणून निरीक्षक मनातून थोडे खूशही होते.

सकाळ छान गेली. आप्पांनी दुकान-दुकान खेळून दाखवले, दोन गोष्टी सांगितल्या, घोडा होण्याचेही अर्धवट कबूल केले. जेवणानंतर मात्र ते तिसरी गोष्ट सांगू लागले. गोष्टीतला राजा शिकारीला निघाला, जंगलात शिरला, आणि तिथेच राहिला. आप्पांची मान छातीवर आली होती. भिंगरीला यात काही नवे नव्हते. तिने सवयीने त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याच्या घरात ठेवला, पायांवर चादर ओढली आणि त्यांच्या कवळीची वाटी उशाशी आणून ठेवली. निरीक्षक हे बारकाईने न्याहाळत होते. न्याहाळता न्याहाळता, राजाचे पुढे काय झाले असेल याचा विचार करत असताना, त्यांचाही डोळा लागला.

जाग आली ती आप्पांच्या हाकेने. "अरे ऊठ. फ्रीज उघडेना."

फ्रीजच्या मुठीभोवती तार गुंडाळलेली होती आणि तारेला शिशाची गोळी चांगली दाबून बसवलेली होती. न्हाणीघराच्या कडीलाही. आप्पांच्या दोन्ही चपला एकमेकींना सील केलेल्या होत्या. निरीक्षकांची बॅग उघडी होती, आणि मध्ये पकड घेऊन भिंगरी उभी होती.

"वापर बंद," ती म्हणाली.

"काम मात्र सफाईचं आहे," गोळी निरखत निरीक्षक अभावितपणे म्हणून गेले.

"आता हे तोडायला कोणाच्या साहेबाला आणायचं?" आप्पा म्हणाले. मग ते खुर्चीवर टेकले. कवळी अजून वाटीतच होती, त्यामुळे त्यांचा चेहरा नेहमीपेक्षा लहान दिसत होता. "रोज असंच होतं रे."

"काय, आप्पा?"

"अर्धा दिवस मी तिला सांभाळतो. उरलेल्या अर्ध्यात ती मला सांभाळते. परवा सूनबाई काम पोचवायला गेलेली, मला जाग आली तर ही गॅलरीच्या कठड्याशी स्टूल लावून उभी. मी काही बोललो नाही कुणाला. पूर्ण दिवस शाळेत गेली, की मग मी घरात कशाला? पेपर किती वेळ पुरतो?"

निरीक्षकांनी इतक्या दिवसांत बालवर्गाच्या खिडक्यांपासून ते काकूंच्या भाचीच्या मुलापर्यंत साऱ्यांचे मत रकान्यात घेतले होते. आप्पांना मात्र त्यांनी विचारले नव्हते. आप्पांचे मत आपल्याला माहीत आहे, असे ते समजून चालले होते. त्यांनी पकड घेतली आणि आधी चपला सोडवल्या.

"आणायला कोण जाईल तिला संध्याकाळी?" थोड्या वेळाने ते म्हणाले. "मी बाजारात असतो, ही दातांत. तुम्हालाच जावं लागेल."

"बघतो," आप्पा म्हणाले, आणि चपला पायात घालून त्या नीट बसतात का ते पाहू लागले.

संध्याकाळी पत्नी घरी आल्या तेव्हा हातांना दाताच्या भुकटीचा वास होता आणि चेहऱ्यावर निरीक्षकांनी फार वर्षांत न पाहिलेले तेज. "डाव्या बाजूला किंचित झिजवला मुद्दाम," त्या म्हणाल्या. "त्या वयाच्या माणसाचा दात कोरा करकरीत शोभत नाही." भिंगरीने घड्याळ परत दिले.

तिसऱ्या दिवशी साहेब कार्यालयात हजर झाले. येता येता दोन दुकानांत दंड करून आले आणि दोन्हीकडे दंड सांगताना भरपूर हसले, असे शिपायाने सांगितले. काटा त्यांनी स्वतः तपासला. तो शेवटच्या ग्रॅमपर्यंत बिनचूक निघाला.

"म्हणजे आधीही बरोबरच होता?" काटा परत घेताना पूर्णवेळच्या बाईंनी विचारले.

"बरोबर होता," निरीक्षक खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त ते आपल्याला माहीत नव्हतं."

पहिल्या तारखेला सकाळी सगळे घर बालवर्गाच्या स्वयंपाकघरात उभे होते. पत्नींच्या खांद्याला कामाची पिशवी होती. त्यांचे एक लक्ष दाराकडे, एक मुलीकडे. आप्पा मात्र आत आले नाहीत. ते फाटकापाशीच, ओठ घट्ट मिटून, उभे राहिले. रस्ताभर भिंगरी त्यांचा हात धरून काहीतरी कुजबुजत वाद घालत आली होती आणि फाटकाशी तो वाद एकाएकी मिटला होता. ती न रडता आत शिरली. हे निरीक्षकांना जरा चमत्कारिकच वाटले.

"चढ," बाई म्हणाल्या. भिंगरी काट्यावर चढली आणि अंगाशी हात घेऊन ताठ उभी राहिली. एक हात झग्याच्या खिशावर होता. खिसा फुगलेला होता. निरीक्षकांची नजर नेहमीप्रमाणे आकड्यावर जाण्याआधी त्या फुगवट्यावर गेली. वळणदार, घोड्याच्या नालासारखा, एकावर एक ठेवलेल्या दोन भागांचा आकार. त्यांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिले. आप्पांनी हात हलवला. तोंड त्यांनी तसेच मिटून ठेवले होते. गाल आत गेले होते.

पत्नींनीही पाहिले. ती कवळी त्यांनीच घडवलेली होती. तिचे वजन त्यांना हातानेच कळत असे. त्या पटकन पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"संध्याकाळी आप्पा येणार आहेत," भिंगरीने बाईंना बजावले. "नक्की येणार. त्यांना जेवायचंय."

बाईंनी आकडा वाचला आणि लिहिण्याआधी पेन थांबवले. एकदा पोळलेल्या होत्या त्या. "साहेब, तुम्हीच बघा बाई एकदा. नंतर नको काही. अगदी बरोबर आहे ना?"

कवळीचे वजन त्या काट्याच्या सर्वांत लहान मापाहून जास्तच होते. निरीक्षक वाकले, त्यांनी आकडा नीट पाहिला, मग बगलेवरचा नवा कोरा शिक्काही पाहिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले.